एकाच केबलमधून वीज आणि नेट : दोष शोधण्याच्या पुस्तिकेची प्रस्तावना

ग्रंथालयाच्या छताला लावलेला वाय-फायचा पांढरा डबा बंद पडला की पहिलं निदान ठरलेलं असतं: एपी गेला. मग नवा एपी मागवायचा, तो पुण्याहून यायचा, शिडी लावून बसवायचा. दोन दिवस नेट चालतं आणि तिसऱ्या दिवशी नवा डबाही बंद होतो. तोवर पैसे गेलेले असतात, जुना डबा कपाटात पडलेला असतो आणि तो मुळात चांगला होता की नाही हे कुणी तपासलेलं नसतं. असे चांगले डबे कपाटात जाणं थांबावं, यासाठी ही पुस्तिका आहे.

ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे कामावरच्या बोलीतल्या एपीला, विजेचा प्लग नसतो. रॅकमधल्या स्विचपासून निघालेली एकच केबल त्याच्यापर्यंत जाते आणि तिच्यातल्या आठ तारांमधून नेट आणि वीज दोन्ही येतात. या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात. बाजारात आणि साइटवर सगळे नुसतं पीओई म्हणतात. सीसीटीव्हीचे बरेचसे आयपी कॅमेरे आणि कार्यालयातले आयपी फोनही याच पद्धतीवर चालतात. छताजवळ विजेचा वेगळा पॉइंट काढावा लागत नाही. शिवाय एकट्या स्विचला इन्व्हर्टर जोडला की लाईट गेल्यावरही इमारतीतले सगळे एपी चालू राहतात. ज्या भागाने वर्षानुवर्षं लोडशेडिंग सोसलं आहे, तिथे हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोलाचा आहे.

कल्पना मात्र जुनी आहे. डायलचे काळे फोन वापरात होते तेव्हा गावाची लाईट गेली तरी फोन बंद पडत नसे, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून बोलण्याच्याच दोन तारांवरून येत असे. संगणकाच्या नेटवर्कला हे जमवायला वेळ लागला. २००० सालाच्या सुमाराला सिस्कोसारख्या कंपन्यांनी आपापल्या पद्धती आणल्या. २००३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने पहिलं सामाईक मानक काढलं, ८०२.३ एएफ. त्यात स्विचने एका पोर्टवर १५.४ वॉटपर्यंत वीज द्यायची होती. २००९ मध्ये ८०२.३ एटी आलं आणि हा आकडा ३० वॉट झाला. २०१८ च्या ८०२.३ बीटीने आठही तारा विजेसाठी वापरून तो ९० वॉटपर्यंत नेला. व्होल्टेज मात्र या सगळ्या काळात जुन्या टेलिफोनच्या आसपासच राहिलं, साधारण ४४ ते ५७ च्या दरम्यान.

तारेतल्या विजेचा हा विषय सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या मातीत उभं राहून सांगण्याला कारण आहे. जुन्या औंध संस्थानची बहुतेक गावं आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विखुरली आहेत. खुद्द औंध खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. याच संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये नांगरांचा कारखाना उभारला. त्या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीतूनच शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची आणि यंत्रांची माहिती मराठीत छापून लोकांपर्यंत पोचवण्यासाठी निघालेलं ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. यंत्राबद्दल मराठीत नीट लिहिता येतं आणि ते वाचणारा वाचक खेड्यापाड्यातही असतो, हे त्या माळावर शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. आज नेटवर्कवरचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि रॅक उघडणारा तरुण मराठीत विचार करतो. ही दरी भरून काढायची जबाबदारी मराठीत लिहिणाऱ्यांचीच आहे.

दुसरं कारण मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेला हा इंजिनिअर म्हैसूर संस्थानच्या बंगळूरमधल्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचा प्रमुख होता. तिथून तो औंधला आला, राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा सहकारी झाला. भारतानंद या नावानेही तो ओळखला जाई. बाळासाहेबांनी १९३८ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली, १९३९ च्या जानेवारीत तशी राज्यघटना झाली, आणि तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. गांधीजींच्या सल्ल्याने झालेल्या त्या घडणीत फ्रीडमनचा मोठा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगामागेही तो होता. विजेचं ज्ञान असलेला माणूस गावात राहिला तर काय घडू शकतं, याचं औंधइतकं ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आज ग्रामपंचायतींच्याच कार्यालयांपर्यंत फायबर पोचवायचं काम देशभर चालू आहे. अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. पण फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. तेव्हा फायबर कुठवरही आलं तरी एपीला जिवंत ठेवणारे शेवटचे पन्नास-साठ मीटर तांब्याचेच असतात आणि रोजची दुखणी त्याच टप्प्यात निघतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीतून शिकलेली मुलं बहुधा पुण्याला जातात. गावात उरतो तो कॅमेरे बसवणारा, इन्व्हर्टरचं काम जाणणारा, हाताने हुशार तरुण. पुस्तिका त्याच्यासाठी लिहिली आहे.

जुन्या दगडी इमारतींची गोष्ट आणखी वेगळी. दोन-दोन फुटांच्या भिंती वाय-फायचा सिग्नल, विशेषतः पाच गिगाहर्ट्झचा, चांगलाच खातात. औंधसारख्या गावातल्या वाड्यात, देवळाच्या ओवऱ्यांत किंवा दगडी शाळेत एका एपीवर भागत नाही. खोलीगणिक एक लागतो. एपी वाढले की केबली वाढतात, आणि दोषाच्या जागाही.

आता मुख्य गोष्टीकडे. मानकाप्रमाणे बनवलेला पीओई स्विच केबल जोडल्या जोडल्या ४८ व्होल्ट सोडत नाही. आधी तो २.७ ते १०.१ व्होल्टच्या मध्ये हलका दाब देऊन पलीकडे कोण आहे ते पाहतो. पीओई उपकरणात यासाठी सुमारे २५ किलोओहमचा रोध ठेवलेला असतो. स्विचला १९ ते २६.५ किलोओहमच्या दरम्यानचा रोध दिसला तरच त्याची ओळख पटते. मग व्होल्टेज १५.५ ते २०.५ पर्यंत वाढवून तो उपकरणाचा वर्ग विचारतो, म्हणजे तुला किती वीज लागेल. त्यानंतर पूर्ण व्होल्टेज. चालू झाल्यावरही उपकरणाने ठरावीक किमान प्रवाह घेत राहावं लागतं. तो थांबला की स्विच अर्ध्या सेकंदाच्या आत वीज काढून घेतो. ओळख पटल्याशिवाय वीज सुटतच नाही, म्हणूनच चुकून लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही.

या रचनेमुळे एक नेहमीचा गैरसमज होतो. एपी बंद दिसला की वायरमन केबलचा जॅक काढतो, मल्टीमीटरची टोकं लावतो, काटा शून्यावर किंवा दोन-चार व्होल्टांवर हलताना पाहतो आणि पोर्ट मेला असं सांगतो. पोर्ट मेलेला नसतो. मल्टीमीटरकडे २५ किलोओहमची ओळख नसते, त्यामुळे स्विच त्याला वीज देतच नाही. इथे केबलच्या मध्ये लावायचा पीओई टेस्टर लागतो. तो एपी चालू असतानाच व्होल्ट आणि वॉट दाखवतो. ज्याच्याकडे चार-पाच इमारतींचं काम आहे त्याने क्रिम्पिंगच्या नव्या पक्कडीआधी हा टेस्टर घ्यावा.

या ओळख पटवण्याच्या पायरीतच एक असा दोष दडलेला आहे की तो समजून घेतला तर अर्धी पुस्तिका समजली. व्हरांड्यात लावलेला एपी घ्या. जूनमध्ये पाऊस तिरपा येतो, केबलवरून ओघळणारं पाणी जॅकपर्यंत जातं आणि आतल्या आठ पट्ट्यांमध्ये ओलाव्याचा थर बसतो. त्या ओलाव्यातून तारांमध्ये थोडी गळती सुरू होते. समजा ती ६० किलोओहमच्या रोधाइतकी आहे. चालू असलेल्या एपीला याने काहीच फरक पडत नाही. पन्नास व्होल्टला त्या गळतीतून एक मिलिॲम्पियरसुद्धा जात नाही. एपी आठ-दहा दिवस निवांत चालतो. मग एका संध्याकाळी लाईट जाते, इन्व्हर्टर नसतो किंवा उतरलेला असतो, आणि स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आता ओळखीची पायरी पुन्हा येते. एपीचे २५ किलोओहम आणि ओलाव्याचे ६० किलोओहम समांतर जोडले गेल्याने स्विचला १७.६ किलोओहम दिसतात. ते १९ च्या खाली आहेत. स्विच वीज नाकारतो.

लोक सांगतात, लाईट आली तेव्हापासून एपी बंद आहे, म्हणजे व्होल्टेज जास्त आलं आणि एपी जळला. त्यांनी पाहिलं ते खरंच असतं. पण एपी धडधाकट असतो. दोष पावसात जन्मलेला असतो आणि लाईट गेल्यावर उघडा पडलेला असतो. नवा एपी आणला तर तोही चालत नाही. किंवा त्या गडबडीत जॅक काढून पुसला गेला, उन्हात वाळला, तर तो चालतो आणि जुना एपी खराब होता असा पक्का समज होतो. पुढच्या पावसात तोच खेळ. उपाय स्वस्तातला आहे. जॅक कापून नवा क्रिम्प करायचा, एपीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा म्हणजे पाणी झोळातून गळून पडतं, आणि जोड बंद डब्यात घ्यायचा. जॅकच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट डाग दिसले तर पुसून भागत नाही, तो जॅक टाकून द्यावा.

केबलमधल्या विजेचं गणित टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची वाट पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल: हेडला सोडलेलं सगळं पाणी टेलच्या शेतकऱ्याला मिळत नाही. मानक बनवणाऱ्यांनी ही घट आधीच धरलेली आहे. ८०२.३ एटीमध्ये स्विच किमान ५० व्होल्टला ०.६ ॲम्पियर देतो, म्हणजे ३० वॉट. शंभर मीटरच्या केबलीचा आणि जोडांचा मिळून जास्तीत जास्त १२.५ ओहम रोध गृहीत धरला आहे. त्यात साडेसात व्होल्ट जातात. एपीपाशी उरतात साडेबेचाळीस व्होल्ट आणि २५.५ वॉट. म्हणून एपीच्या कागदावर २५.५ आणि स्विचच्या कागदावर ३० लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे बरोबर असतात. वाचणाऱ्याने ते गोंधळून एकमेकांत मिसळले की खरेदी चुकते. ८०२.३ एएफमध्ये हीच जोडी १५.४ आणि १२.९५ अशी आहे.

हे सगळं शुद्ध तांब्याला लागू. बाजारात सीसीए नावाची केबल मिळते: आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. बाहेरून ती हुबेहूब कॅट सिक्ससारखी दिसते, ३०५ मीटरच्या पेटीत येते, पेटी उचलली की हलकी लागते आणि भाव मोहात पाडतो. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. शंभर मीटरवर तांब्याच्या चांगल्या केबलीत जिथे नऊ-साडेनऊ ओहम असतात, तिथे हिच्यात चौदा-साडेचौदा होतात. १२.५ ची मर्यादा केबलनेच ओलांडली. जॅक आणि पॅच पॅनेल अजून मोजलेच नाहीत. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. एपीला ठरावीक वॉट हवे असतात, व्होल्टेज पडलं की तो जास्त प्रवाह ओढतो, आणि प्रवाह वाढला की केबलमध्ये आणखी व्होल्ट जातात. एपी रिकामा असताना हे दिसत नाही. संध्याकाळी दोन्ही रेडिओ जोरात चालू झाले की तो धापा टाकतो, बंद होतो, परत चालू होतो.

संध्याकाळ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं, त्याची देशभर चर्चा झाली. मुलांचा अभ्यास व्हावा हा त्यामागचा हेतू. नेटवर्क सांभाळणाऱ्याने त्यातून एवढं घ्यावं की गावात सात ते नऊ ही भाराची वेळ असते. सकाळी अकराला तपासलेला एपी निर्दोष निघाला म्हणजे तो निर्दोष आहे असं होत नाही. तक्रार ज्या वेळची, तपासणी त्या वेळची. दिवसा करायचीच असेल तर पाच-सात मोबाइलवर एकदम व्हिडिओ चालू करून टेस्टरवरचे वॉट पाहावेत.

सीसीए ओळखायला ब्लेड पुरतं. तारेचा मुलामा खरवडला की आतून पांढरं निघतं. तांबं आतूनही तांबडंच असतं. केबल पाइपात ओढण्याआधी हे करावं.

स्विचच्या बाजूला सर्वांत जास्त फसवतो तो एकूण वॉटचा आकडा. चोवीस पोर्टांचे कितीतरी स्विच ३७० वॉटचे असतात. हा आकडा कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे: चोवीस गुणिले १५.४ म्हणजे ३६९.६. म्हणजे प्रत्येक पोर्ट ३० वॉट देऊ शकतो हे खरं, पण सगळे एकदम नाही; त्यासाठी ७२० लागतील. आठ पोर्टांचा छोटा स्विच ६५ वॉटचा असेल तर तीस-तीस वॉट मागणारे दोनच एपी त्याला पेलतील. शाळेत आधी चार कॅमेरे, दोन एपी असतात. वर्षाने कुणीतरी दोन कॅमेरे वाढवतो आणि महिन्याभराने कुठलातरी एपी अधूनमधून बंद पडायला लागतो. कॅमेरे रात्री अंधारात पाहण्यासाठी इन्फ्रारेड दिवे लावतात तेव्हा त्यांची भूक वाढते, म्हणून हा दोष अंधार पडल्यावर येतो. अशा वेळी स्विच कुणाला उपाशी ठेवतो? ज्या पोर्टला कमी प्राधान्य दिलं आहे त्याला. प्राधान्य कुणी ठरवलंच नसेल तर बहुतेक स्विचांत मोठ्या क्रमांकाच्या पोर्टला. एपी मोठ्या क्रमांकावरून छोट्या क्रमांकावर हलवला आणि चालू झाला, म्हणून जुना पोर्ट खराब, असं समजू नये. काही स्विच प्रत्यक्ष वापर मोजून हिशेब ठेवतात, काही उपकरणाच्या वर्गाप्रमाणे पूर्ण वाटा राखून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात कागदावर वीज संपते आणि प्रत्यक्षात अर्धी पडून असते.

एपी चालू आहे, दिवा हिरवा आहे, रेंज भरपूर आहे, तरी नेट रडतखडत. या तक्रारीत वीज कुणालाच आठवत नाही. पण बऱ्याच नव्या एपींना ३० वॉटचा पोर्ट अपेक्षित असतो आणि त्यांना १५.४ वाला मिळाला तर ते बंद पडत नाहीत. ते स्वतःला आवरतात. एखादा रेडिओ किंवा काही अँटेना बंद करतात, प्रक्षेपणाची ताकद कमी करतात. काही एपी आधी थोड्या विजेवर उठतात आणि मग एलएलडीपी या प्रोटोकॉलने स्विचला जास्तीची मागणी कळवतात. स्विचवर एलएलडीपी बंद ठेवलेलं असेल तर मागणी पोचतच नाही आणि एपी कायम अर्धपोटी राहतो. एपीच्या सेटिंगच्या पानावर याची नोंद असते. ते पान उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि फार थोडे लोक ते उघडतात.

केबलीच्या जॅकमध्ये दडलेल्या दोषांचं प्रकरण पुस्तिकेत सर्वांत लांब आहे आणि ते तसंच असायला हवं. एक नमुना इथे. शंभर मेगाबिटच्या नेटला चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या. म्हणून घाईत काही जण तेवढ्याच क्रिम्प करतात आणि निळी-तपकिरी जोडी कापून टाकतात. कित्येक स्वस्त स्विच आणि इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारे वेगळे डबे) वीज नेमकी निळ्या आणि तपकिरी जोडीवरून पाठवतात. लॅपटॉप लावला की नेट येतं, एपी लावला की तो मृतवत. उलटही घडतं: नारिंगी-हिरव्या जोडीवरून वीज देणाऱ्या स्विचवर निळी तार तुटली असेल तर एपी छान पेटतो, पण जोडणी गिगाबिटवरून शंभरवर घसरते. पोर्टचा वेग १०० दिसला की आधी जॅक संशयित धरावा. तसंच कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या अनेक स्विचांवर एक्स्टेंड नावाचं छोटं बटण असतं. ते लावलं की केबल अडीचशे मीटरपर्यंत चालते, पण वेग १० मेगाबिटवर येतो. रॅक झाडताना कुणाचा हात त्या बटणाला लागला की वाय-फायचा सगळा दोष नेट देणाऱ्या कंपनीच्या माथी जातो.

पॅसिव्ह पीओईबद्दल पुस्तिकेचा सूर कडक आहे, आणि तो योग्य आहे. युबिक्विटी आणि मायक्रोटिकची बरीच जुनी उपकरणं २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पद्धतीवर चालतात. माळावरच्या टॉवरवरून वाड्यावस्त्यांना नेट पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ती उपकरणं वाईट नाहीत. पण पॅसिव्ह इंजेक्टर ओळख विचारत नाही, समोर काय आहे ते न पाहता वीज सोडतो. चोवीसचं उपकरण मानकाच्या स्विचला लावलं तर ते नुसतं बंद राहतं. अठ्ठेचाळीसचा पॅसिव्ह इंजेक्टर चोवीसच्या उपकरणाला लावला तर ते जळण्याची शक्यता मोठी. सगळे इंजेक्टर एका खोक्यात टाकून ठेवायची सवय सोडावी आणि प्रत्येकावर व्होल्टचा आकडा रंगाने लिहावा.

वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. खटाव, माण, आटपाडीच्या उघड्या माळावर एप्रिल-मे महिन्यांत त्याचा फटका बसतो तो दोन इमारतींमध्ये हवेतून ओढलेल्या केबलींना. जवळपास वीज पडली तरी त्या लांब तारेत लाट उठते आणि दोन्ही टोकांची उपकरणं घेऊन जाते. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर धोका अधिक. इमारतीपासून इमारतीपर्यंत फायबर आणि इमारतीच्या आत तांबं, हा नियम पाळला तर यातलं बरंच टळतं. अशा फटक्यानंतर स्विचचे पोर्ट कसे मेले आहेत ते नीट पाहावं. विजेचं नियंत्रण करणाऱ्या चिप बहुधा चार किंवा आठ पोर्टांच्या गटाला एक असतात. एक ते चार या पोर्टांवर नेट चालतं पण वीज एकावरही येत नाही, असं दिसलं तर त्या गटाची चिप गेली. बाकीचे पोर्ट वापरता येतात, आणि त्या चार पोर्टांवर साधे संगणक जोडून स्विच आणखी काही वर्षं चालवता येतो.

दोष शोधायचा क्रम पुस्तिकेने स्विचकडून एपीकडे असा ठेवला आहे. शिडी शेवटी. आधी स्विच काय म्हणतो ते वाचायचं. सेटिंगचं पान असलेल्या स्विचवर प्रत्येक पोर्टची अवस्था दिसते: वीज देतो आहे, उपकरण शोधतो आहे, मागणी नाकारली, की दोष आहे. सिस्कोच्या स्विचवर त्यासाठी ‘शो पॉवर इनलाइन’ ही आज्ञा आहे. शोधतो आहे असं दिसलं तर ओळख पटत नाही, म्हणजे केबल, जॅक, ओलावा किंवा खुद्द एपी. नाकारली असं दिसलं तर एकूण वॉट संपले. दोष दिसला तर बहुधा कुठेतरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मग चालता असल्याची खात्री असलेला एक एपी आणि मीटरभर लांबीची चांगली केबल घेऊन स्विचपाशीच जोडून पाहायचं. पेटला तर स्विच आणि पोर्ट सुटले. मग तोच एपी लांब केबलच्या टोकाला न्यायचा. तिथे पेटला नाही तर केबल दोषी. पेटला, तरच छतावरच्या एपीकडे संशयाने पाहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जॅक, पोर्ट आणि एपी एकदम बदलले तर नेट सुरू होतं, पण काय बिघडलं होतं ते कायमचं अज्ञात राहतं.

नव्वद वॉटच्या पोर्टांबद्दल पुस्तिकेत थोडंच लिहिलं आहे. गावातल्या शाळा-पंचायतींना अजून त्यांची गरज पडत नाही. नव्या पिढीचे मोठे एपी येतील तसं ते प्रकरण वाढवावं लागेल, आणि एका पाइपात खच्चून भरलेल्या केबली तापतात हा मुद्दा तेव्हा अग्रभागी येईल.

शेवटी जोडलेल्या तक्त्याकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावं. तो कुठल्याही दोषाचा नाही. एपी नवा बसवल्या दिवशी भरायचा आहे. पोर्टचा क्रमांक, केबलची लांबी, जॅक क्रिम्प केल्याची तारीख, स्विचवर दिसणारा वेग, टेस्टरवरचे व्होल्ट, रिकाम्या एपीचे वॉट आणि संध्याकाळच्या भारातले वॉट, एवढेच रकाने आहेत. त्याची एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवावी आणि शाई पाण्याने पसरणार नाही अशी घ्यावी.